तूच वाच

वाहिनीच्या दुपारच्या मीटिंगमध्ये मालक जयराज सरांनी स्वतःचा मोबाइल टेबलावरून पुढे सरकवला आणि म्हणाले, "संध्याकाळच्या बातमीपत्रात ही पहिली. मिस्बाह, तूच वाच."

मिस्बाहनं मोबाइल उचलला. कुणीतरी दाराच्या फटीतून चोरून काढलेला व्हिडिओ होता. एका कांडप गिरणीत पिवळ्याधमक पावडरीचा ढीग पडलेला, आणि एक माणूस त्यात पोत्यानं पांढरं पीठ ओतून फावड्यानं कालवतोय. चेहरा धड दिसत नव्हता. खाली कुणीतरी लिहून पाठवलं होतं, 'बघा, सांगलीची हळद अशी बनते.'

चेहरा दिसायची मिस्बाहला गरजच नव्हती. मागच्या भिंतीवर निळ्या रंगात हातानं लिहिलेलं होतं, 'मिरची कांडून मिळेल.' त्यातला 'ळ' रंगाऱ्यानं उलटा काढला होता. लहानपणी अम्मीबरोबर मिरच्यांची पिशवी घेऊन, नाकाला ओढणी लावून, शिंका आवरत ती त्या 'ळ'कडे बघत बसायची.

"हे लियाकतचाचा आहेत," ती म्हणाली. "लियाकत शेख. आमचा मसाला दरवर्षी त्यांच्याकडंच होतो."

"ओळखतेस? मग तर उत्तमच."

"ओळखते म्हणूनच म्हणते सर. एक फोन करू या त्यांना. हे काय चाललंय ते तरी विचारू."

"फोन केला की तो वकील गाठणार, आणि तोवर बाकीचे बातमी लावून मोकळे. 'व्हिडिओत दिसतंय', 'आरोप होतोय', एवढंच म्हणायचं. आपण थोडंच म्हणतोय की त्यानं केलंय?"

"मग सकाळच्या बातम्या वाचणारी मुलगी आहे ना, तिला वाचू दे."

जयराज सर हसले. माणूस तसा वाईट नव्हता. कुणाच्या घरी आजारपण आलं की स्वतः गाडी काढायचे, दिवाळी-ईदला न चुकता फोन करायचे. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "तिनं वाचली तर उद्या लोक म्हणतील, मुद्दाम केली. तू वाचलीस तर आपल्याकडं बोट दाखवायची कुणाची टाप नाही. कळतंय ना तुला?"

कळत होतं. फार चांगलं कळत होतं. टेबलाभोवतीच्या सगळ्यांना कळलं, आणि सगळ्यांनी एकदमच आपापल्या मोबाइलमध्ये माना घातल्या.

मिस्बाह मुजावर या वाहिनीत आली होती ती बातमीदार व्हायला. कृष्णेला महापूर आला त्या वर्षी ती नवीनच होती. सांगलीच्या गावभागात पाणी चढलं तेव्हा बोटीत बसून ती गल्लीगल्लीतून फिरली. गच्चीवर अडकलेल्या माणसांशी बोलली, त्यांचे निरोप कॅमेऱ्यापुढं सांगितले, औषधांच्या पिशव्या पोचवल्या. अंगाला चिखलाचा वास, पायाला चिखल्या, घसा बसलेला. पण तिच्या आयुष्यातले ते सगळ्यात मोकळे दिवस होते. पूर ओसरला, आणि जयराज सरांच्या ध्यानात आलं की ही पोरगी लोकांच्या घराघरांत पोचलीय. त्यांनी तिला खुर्चीत बसवलं ते बसवलंच.

स्टुडिओ म्हणजे सांगली-मिरज रस्त्यावर टायरच्या दुकानावरची एक खोली. खिडक्या फोमनं बुजवलेल्या, मागे हिरवा पडदा. बातमीपत्र सुरू झालं की बाहेरून कडी लागायची, कुणी चुकून आत येऊ नये म्हणून. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे मिस्बाहला समोरच्या यंत्रावर सरकणाऱ्या अक्षरांवरून कळायचं. दरवर्षी ती सरांना म्हणायची, मला साताऱ्याला बातमीदार म्हणून पाठवा. सर म्हणायचे, बघू. आणि दरवर्षी आणखी एखादा सराफ, आणखी एखादा साडीवाला येऊन सांगायचा, आमची जाहिरात त्या मुजावरबाईंच्या बातम्यांतच लावा.

तिनं बातमी वाचली. तिचा आवाज कुठं अडखळला नाही, त्याला सवय होती. 'व्हिडिओत दिसतंय', 'आरोप होतोय', सगळं नीट म्हणाली. मागच्या पडद्यावर तो व्हिडिओ पुन्हापुन्हा फिरत राहिला आणि भिंतीवरचा उलटा 'ळ' तिच्या खांद्याशी येऊन थांबला.

घरी गेली तर टीव्ही बंद होता. अम्मी, मेहरुनबी, भाकऱ्या थापत होती. त्यांच्या घरात अर्धी दखनी, अर्धी मराठी चालायची. राग आला की अम्मी पूर्ण दखनीत जायची.

"तू पढी ना?" अम्मी तव्याकडं बघतच म्हणाली. "तेरे मुँह से सुनी मैं."

"नोकरी आहे अम्मी. मी नाही तर दुसरं कुणी वाचलं असतं."

"तो दुसरा पढता." अम्मीनं भाकरी उलटली. "लियाकतभाईको फोन तो करती तू."

मिस्बाहनं त्याच वेळी फोन लावला. तो बंद होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीपुढं पन्नासेक माणसं जमली. पोती ओढून रस्त्यावर रिकामी केली. पिवळ्या धुरळ्यात घोषणा झाल्या, कुणी तोंडाला रुमाल बांधून त्याचेही व्हिडिओ काढले. पोलीस आले, लियाकतचाचांना चौकशीला घेऊन गेले, माल तपासणीला गेला, गिरणीला टाळं लागलं. संध्याकाळच्या बातमीपत्रात तीही बातमी मिस्बाहनंच वाचली. 'आमच्या बातमीचा दणका' असे शब्द समोर सरकत आले आणि तिच्या तोंडून बाहेरही पडले.

चौथ्या-पाचव्या दिवशी ऑफिसात एक माणूस आला. पांढरा सदरा, डोईला टोपी, हातात एक घडी घातलेलं रिकामं पोतं. कवठे महांकाळहून एसटीनं आला होता. नाव जालिंदर, तिकडं एका खेड्यात नारळ, कापूर, पूजेच्या सामानाचं दुकान. शिपाई त्याला खालूनच परत पाठवत होता, तेवढ्यात जिन्यात मिस्बाह आडवी आली.

"आवं ताई, तुमीच न्हवं का त्या बातमीतल्या?" तो म्हणाला. "तुमालाच भेटायचं हाय मला. त्यो खायाचा माल न्हवता वो. भंडारा हाय त्यो! बिरुबाच्या जत्रंला उधळायचा भंडारा. मक्याचं पीठ आन् हळद. दर साली मी लियाकतभाईकडनंच करून घेतो. ह्ये बगा, पोत्यावर छापलंय बी."

त्यानं तिथंच जिन्यात पोतं उलगडलं. त्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'भंडारा. खाण्यासाठी नाही.'

"दर जत्रंला अख्खं गाव कपाळाला लावतंय त्यो," जालिंदर म्हणाला. "आन् त्येच करनाऱ्या मान्साला तुमी चोर केलासा? पोलिसांस्नी सांगितलं मी, सायबांनी लिवूनबी घेतलं, भाईस्नी सोडलंबी. पर लोकांस्नी कोन सांगनार? टीव्हीनं सांगितलेलं टीव्हीनंच सांगाया पायजे का न्हाई?"

मिस्बाह त्याला घेऊन जयराज सरांच्या केबिनमध्ये गेली. सरांनी त्याला बसवलं, चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं, पोत्याचा फोटोही काढला. "नक्की देऊ," म्हणाले. जालिंदर हात जोडून गेला.

आणि सरांनी दिलं. संध्याकाळी पडद्याच्या तळाशी, सोन्याचा भाव आणि पाणी न येणाऱ्या भागांची नावं यांच्यामध्ये एक ओळ सरकून गेली, 'ती भुकटी भंडाऱ्यासाठी असल्याचा गिरणीचालकाचा दावा.' मिस्बाह त्या वेळी खुर्चीतच होती. एका नेत्याच्या वाढदिवसाची बातमी वाचत होती. ती ओळ आपल्या हनुवटीखालून सरकत गेली, हे तिला नंतर कळलं.

ती केबिनमध्ये गेली. "सर, पहिली बातमी केली होती. माफीसुद्धा पहिलीच करा. मी वाचते."

"माफी?" सर म्हणाले. "माफी मागितली म्हणजे आपण खोटं दाखवलं असं होतं. व्हिडिओ खरा होता ना? मग?"

"सर, त्यांची गिरणी बंद पडलीय."

"पोलीस उघडून देतील. तू मनाला लावून घेऊ नकोस. सुट्टी हवी का दोन दिवस?"

तिनं सुट्टी घेतली नाही. दोन दिवस ती रोजच्यासारखी आली, पावडर लावून घेतली, वाचलं, गेली. तिसऱ्या दिवशी बातमीपत्र संपता संपता, हवामानाची बातमी समोर असताना, तिनं त्या अक्षरांवरची नजर काढली आणि सरळ कॅमेऱ्यात पाहिलं.

"गेल्या आठवड्यात याच खुर्चीत बसून मी तुम्हाला लियाकत शेख यांच्या गिरणीची बातमी सांगितली," ती म्हणाली. "ती चुकीची होती. ती हळद खाण्याची नव्हती, जत्रेत उधळायचा भंडारा होता. तो ज्यांनी करायला दिला ते स्वतः इथं येऊन सांगून गेले. आम्ही बातमी लावण्याआधी एक फोनही केला नाही. लियाकतचाचा, मी तुमच्या गिरणीत लहानाची मोठी झाले. तुम्हाला आधी विचारायला हवं, हे ठाऊक असून मी वाचलं. माझी चूक झाली. आणि ज्यांनी पोती रस्त्यावर ओतली त्यांनीही हे ऐकावं."

काचेपलीकडं यंत्रावर सिद्धू बसला होता. एक बटण दाबलं असतं तर जाहिरात सुरू झाली असती. सिद्धूचा हात बटणावर होता. तो तसाच राहिला.

बातमीपत्र संपलं, बाहेरची कडी निघाली. सिद्धू म्हणाला, "ताई, मी हेडफोन काढून बसलो होतो, मला काय ऐकूच आलं न्हाई, असं सांगणार आहे. तुमीबी तेच सांगा." मिस्बाहला हसू आलं. तिनं मेकअपच्या कप्प्यातलं आपलं सामान पिशवीत भरलं. भिंतीवरचा आरसा तेवढा ऑफिसचा होता. आता सुटले, असं तिला वाटलं. भीती वाटत होती, पण भीतीच्या खाली कुठंतरी बोटीतल्या दिवसांसारखं वारं लागत होतं.

सकाळी सरांचा फोन आला. ती राजीनामा लिहूनच गेली. केबिनमध्ये सर उभे होते आणि त्यांचा चेहरा उजळलेला होता.

"बस, बस. बघितलंस का?" त्यांनी मोबाइल तिच्यापुढं धरला. तिच्या माफीचा तुकडा गावोगाव फिरत होता. पुण्या-मुंबईच्या लोकांनी उचलला होता. 'अशी पत्रकारिता हवी,' कुणी लिहिलं होतं. 'चूक मान्य करायला काळीज लागतं,' कुणी. "मला आधी सांगितलं असतंस तर चार कॅमेरे लावले असते गं! काल रात्रीपासून फोन थांबत नाहीत. आपला माणूस म्हणजे असा पाहिजे."

"सर, मी तुम्हाला न विचारता..."

"ते आपल्यातलं आपण बघू. बाहेर काय गेलंय? वाहिनीनं चूक कबूल केली. म्हणजे वाहिनी प्रामाणिक."

तिनं पाकीट टेबलावर ठेवलं. सरांनी ते उघडलं नाही. नुसतं परत तिच्याकडं सरकवलं, पहिल्या दिवशी मोबाइल सरकवला होता तसंच.

"आत्ता गेलीस तर लोक म्हणणार आम्ही काढलं. मी जाऊ देणार नाही तुला. आणि साताऱ्याचं ते डोक्यातून काढून टाक. तू आता या वाहिनीचा चेहरा आहेस."

आठवड्याभरात विश्रामबागच्या चौकात तिच्या चेहऱ्याचा मोठा फलक लागला. खाली लिहिलं होतं, 'चुकलो तरी सांगतो.' रिक्षातून उतरताना मिस्बाहनं मान खाली घातली. आपल्याच चेहऱ्याखालून जायला लागू नये म्हणून पुढं ती लांबच्या रस्त्यानं जाऊ लागली.

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ दुसऱ्या एका वाहिनीचं ऑफिस होतं. लालासाहेब म्हणून तिचे मालक होते. मिस्बाहनं सुट्टीच्या दिवशी एसटी धरली आणि त्यांना भेटायला गेली. लालासाहेबांनी उठून स्वागत केलं, कंदी पेढे मागवले.

"तुमचं ते बोलणं मी घरात सगळ्यांना दाखवलं," ते म्हणाले. "आमच्या सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. धाडस आहे बाई तुमच्यात."

"मला बातमीदार म्हणून काम हवंय साहेब. खुर्ची नको. फलटण, कोरेगाव, कुठंही पाठवा."

लालासाहेब बराच वेळ पेढ्याच्या बॉक्सचं झाकण लावत बसले. मग म्हणाले, "खरं सांगू? राग मानू नका. उद्या माझ्या हातून चूक झाली, तर तुम्ही माझ्याच कॅमेऱ्यापुढं सांगणार. जयराजरावांनी ते पचवलं. माझं पोट तेवढं चांगलं नाही."

पेढे त्यांनी आग्रहानं बरोबर दिले.

परतीच्या एसटीत कराडला एक बाई शेजारी बसली. दोनदा वळून बघितलं, मग राहवलं नाही. "तुमी टीव्हीवरच्या ना? त्या हळदीच्या?"

मिस्बाहनं मान हलवली.

"लय बरं केलंसा बघा," बाई म्हणाली. "तुमी दावलं म्हणून कळलं. तवापासून आमी हळद बाहेर दळायलाच देत न्हाई. घरीच कांडतो."

"मावशी, ती बातमी चुकीची होती. नंतर मी सांगितलं होतं तसं."

"व्हय?" बाईनं क्षणभर विचार केला. "ते न्हाई बगितलं. पर व्हिडिओत दिसत हुतं की वो सगळं. मी डोळ्यांनी बगितलं."

मिस्बाहनं भंडाऱ्याचं सगळं समजावून सांगितलं. बाईनं ऐकलं, "असंल बाई," म्हणाली, आणि पेठ नाक्याला उतरताना पुन्हा म्हणाली, "पर तुमी असंच दावत राहा."

लियाकतचाचांकडं जायचं ती टाळत होती. शेवटी सरांनीच सांगितलं, "गिरणी पुन्हा सुरू झाली असेल, तर तू आणि तो, दोघं एका फ्रेममध्ये घेऊ. लोकांना आवडेल." ती कॅमेरा न घेता एकटीच गेली.

टाळं निघालं होतं, पण गिरणी सुरू नव्हती. शटर अर्धं वर. चाचा दोन माणसांना घेऊन यंत्राचे पट्टे उतरवत होते. भिंतीजवळ मोटर दोरीनं बांधून ठेवली होती.

"सलाम चाचा."

त्यांनी वळून पाहिलं. स्टूल पुढं केलं. "बैठ बेटी."

"कुठं नेताय हे?"

"कवठ्याकडं. जालिंदर म्हणाला, माझ्या दुकानामागं जागा हाय, या तिकडं. इथं आता कोण येतंय?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून तिला जास्तच अवघडलं.

"चाचा, मी सांगितलं लोकांना. सगळं सांगितलं."

"पाहिलं मी. आमच्या गल्लीत सगळ्यांनी पाहिलं. अल्ला तुझं भलं करो." ते हातांचं ग्रीस पुसत होते. "पण दळायला येणाऱ्या बायका या गल्लीतल्या नव्हत्या बेटी."

मग त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "तुमच्याकडं बातम्या वाचायला दुसरं कुणी होतं का त्या दिवशी?"

"होतं."

"मग तुलाच का दिली?"

मिस्बाहनं नजर भिंतीवरच्या उलट्या 'ळ'कडं वळवली. चाचांनी तिच्याकडं पाहिलं, आणि त्यांचे पुसणारे हात थांबले.

"असं व्हय," ते म्हणाले. "म्हणजे त्यांनी आपल्या दोघांनाबी एकाच फावड्यानं कालवलं." आणि ते पुन्हा पट्ट्याकडं वळले.

सरांना तिनं सांगितलं, ते इथून गेले, फ्रेम मिळणार नाही. सर चुकचुकले आणि दुसऱ्या कामाला लागले.

त्यानंतर तिनं एक नियम केला. फोन झाल्याशिवाय अशी बातमी वाचायची नाही. जयराज सरांनी वाद घातला नाही. त्यांनी नवी मुलगी घेतली. अक्षता, कवठे महांकाळकडचीच, बुद्धविहारात भीमजयंतीला भाषणं करून करून आवाज तयार झालेला. घरातली पहिली पदवीधर. पहिल्या दिवशी तिनं मिस्बाहच्या पाया पडायचा प्रयत्न केला. "ताई, तुमचा तो व्हिडिओ बघून मी इकडं आले," म्हणाली. मिस्बाहनं तिला वरच्यावर धरलं.

महिन्याभरातच मिरजेकडच्या एका अंगणवाडीचा व्हिडिओ आला. सेविका खाऊची पाकिटं पिशवीत भरून नेताना दिसत होती. सरांनी मोबाइल टेबलावरून सरकवला, तो या वेळी मिस्बाहसमोरून पुढं गेला. "अक्षता, तूच वाच. तुमच्या समाजातलीच बाई आहे, कुणी काही म्हणणार नाही."

बातमीपत्राआधी अक्षता मेकअपच्या खुर्चीत बसली होती. आरशातून तिनं मिस्बाहकडं पाहिलं. "ताई, वाचू का?"

मिस्बाहच्या जिभेवर 'नको' आलं होतं. पण नको म्हणाली तर या पोरीची नोकरी जाणार, आणि उद्या त्याच खुर्चीत तिसरी बसणार. वाच म्हणाली तर जयराज सरांचं ते 'तूच वाच' तिच्याच आवाजातून बाहेर येणार. खुर्ची ओढून तिनं अंगणवाडीच्या गावातल्या दोघातिघांना फोन लावले, सेविकेचा नंबर मिळवला. बाई रडतच होती. पाकिटं घरोघरी पोचवायची होती, म्हणाली, मुलांना गोवर आलाय, अंगणवाडी बंद आहे.

मिस्बाहनं ती दोन वाक्यं अक्षताच्या बातमीत घातली. सरांनी वाचून पाहिलं, खांदे उडवले, "शेवटी टाक," म्हणाले.

कडी लागली. अक्षतानं बातमी वाचली. ती शेवटची दोन वाक्यं तिनं सावकाश, एकेक शब्द ठेवत वाचली. सिद्धूनं काचेपलीकडून मिस्बाहकडं बघून मान हलवली.

पुढच्या बातमीपत्रात ती वाक्यं नव्हती. वेळ कमी पडला म्हणून कापली, असं सर म्हणाले. मिस्बाहनं पर्स उचलली होती, ती खाली ठेवली आणि त्याच्या पुढच्या बातमीपत्रासाठी ती वाक्यं पुन्हा लिहायला बसली.